दहा क्विंटलचा समुद्र

आमच्या गावाच्या नावात दर्या आहे. इमादशाहीतल्या दर्या इमादशहावरून दर्यापूर हे नाव पडलं असं सांगतात, त्यामुळे समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. मुंबईचा किनारा इथून सहाशे किलोमीटरहून लांब. समुद्राची एकच गोष्ट आमच्याकडे आहे, मीठ. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा. विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते पिता येत नाही आणि पिकाला दिलं तर काळी जमीन बिघडते. प्यायला शहानूर धरणाचं पाणी, आणि शेती पावसाच्या भरवशावर.

अशा गावात आयुष्य काढलेल्या माझ्या आईला यंदा जहाजात बसायचंय. मोबाईलवर कुणाची तरी क्रूझची रील तिने पाहिली. आधी जहाजावरचा स्विमिंग पूल पाहून हसली, "समुद्रात जाऊन हौदात आंघोळ करतेत." मग चार दिवसांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकीट कितीचं राहते रे त्याचं?"

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आम्हा तिघांसाठी दोन रात्रींचा आकडा सगळे कर धरून ७२ हजार निघाला. शेतकऱ्याच्या घरातली मुलं मोठा आकडा दिसला की करतात तेच मी केलं. तो क्विंटलमध्ये मोजला. घरी आलेल्या व्यापाऱ्याने कापसाला ७,२०० चा भाव केला होता. म्हणजे बरोबर दहा क्विंटल. आमच्या सहा एकरांत बरं वर्ष असेल तर तीस क्विंटल होतो. दोन रात्रींसाठी एक तृतीयांश कापूस.

परवडतं का? माझ्या पगारात, हो. पण 'परवडतं' हा शब्द मला या निमित्ताने जरा नीट बघावासा वाटला, कारण आमच्या घरात तो दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. मी म्हणतो, मला हा फोन परवडतो, तेव्हा मी खिशाकडे बघत असतो. बाबा म्हणतात, शेती परवडत नाही. हे ते मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हापासून म्हणतायत आणि दर जूनमध्ये पेरतायत. जे परवडत नाही ते माणूस तीस वर्षं कसं करतो? कुठून तरी भरपाई होत असणार. त्यातली थोडी आईच्या फुकटच्या कामातून होते, थोडी माझ्या पगारातून, आणि थोडी आणखी एका ठिकाणाहून, तिथे मी येतोच.

आधी जहाजाकडे बघू, कारण त्याचं गणित शेतीच्या इतकं जवळचं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मंदीत क्रूझ महाग व्हायला हवी असं आपल्याला वाटतं. इंधन महागलं, गिऱ्हाईक कमी झालं, तर भाव चढायला हवेत. पण बहुतेक वेळा उलटं घडतं. जहाज बंदरातून निघालं की इंजिन, खलाशी, स्वयंपाकघर, विमा, कर्जाचे हप्ते हा सगळा खर्च होणारच, खोल्या भरलेल्या असोत की रिकाम्या. रिकामी खोली आज विकली गेली नाही तर ती उद्यासाठी गोदामात ठेवता येत नाही. म्हणून कंपनी शेवटच्या आठवड्यात ती मिळेल त्या भावाला देते आणि माणूस आत आल्यावर दारू, कॅसिनो, वायफाय, फोटो यांतून वसूल करते. या धंद्यात खोलीमागे दोन माणसं म्हणजे शंभर टक्के भरणा असं धरतात. तिसरं, चौथं माणूस आलं की आकडा शंभराच्या वर जातो, आणि तो तसा जाईल याची खटपट चालू असते.

तेलाचं काय करतात? २००८ च्या जुलैत कच्चं तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत गेलं होतं. त्याआधीच अमेरिकी क्रूझ कंपन्यांनी प्रवाशांकडून दर दिवशी इंधन अधिभार घ्यायला सुरुवात केली होती, काही ठिकाणी तर ज्यांनी आधीच तिकीट काढलं होतं त्यांच्याकडूनही. फ्लोरिडाच्या अॅटर्नी जनरलनी त्यात लक्ष घातल्यावर ते पैसे परत द्यावे लागले. वर्ष संपेपर्यंत तेल चाळीसच्या खाली आलं, मंदी आली, आणि जहाजं भरायला सवलतींचा पाऊस पडला. मध्यमवर्गातली कितीतरी माणसं पहिल्यांदा जहाजात बसली ती अशा पडत्या काळात. दुसऱ्याचं संकट आपली सवलत बनतं, हे क्रूझच्या बाबतीत जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून 'कर्णिका' नावाचं जहाज सुरू झालं. १९९० सालचं, इटलीत बांधलेलं, आधी दुसऱ्या नावांनी जगभर फिरलेलं. मोठा गाजावाजा झाला. २०२० च्या मार्चमध्ये कोविड आला, जहाज मुंबईजवळ उभं राहिलं, कंपनी बसली, लिलाव झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं. प्रवासी ज्या डेकवर सेल्फी काढत असतील, ते नंतर गॅसकटरने कापणारे हात वेगळ्याच माणसांचे. मुंबईहून २०२१ पासून चालणारं 'एम्प्रेस' हेही १९९० चंच जहाज. थांबलेलं जहाज नुसतं उभं राहूनही पैसे खातं, त्यामुळे ते एकतर फिरतं किंवा तुटतं. पडीक ठेवलेल्या वावराचंही थोडंफार तसंच असतं. म्हणून बाबा पेरतात.

म्हणजे जहाज 'परवडतं' तेव्हाही भरपाई कुठून तरी होतेच. आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशाला दिवसाला १४ तास आणि आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम देता येतं, आणि जहाजावरचा वेटर महिनोन्महिने घरी न जाता ते करतो. २०२० मध्ये प्रवासी घरी गेले आणि हजारो कर्मचारी, त्यांत गोव्याचे आणि आपल्या किनाऱ्यावरचेही, जहाजांवरच अडकून पडले. धुराचंही तसंच. जहाजाच्या इंधनात ३.५ टक्क्यांपर्यंत गंधक चालत होतं. १ जानेवारी २०२० पासून ती मर्यादा ०.५ टक्क्यांवर आणली. तोपर्यंत उरलेल्या गंधकाचं बिल बंदरालगत राहणाऱ्यांची फुप्फुसं भरत होती, आणि तिकिटावर ते कुठे छापलेलं नव्हतं.

इथे कुणीतरी म्हणेलच की मंदीत खर्च करणं हेच देशहित आहे. सगळ्यांनी एकदम काटकसर केली तर सगळेच गरीब होतात, केन्सने हे सांगितलंय आणि त्यात तथ्य आहे. पण मला हा युक्तिवाद नेहमी संशयास्पद वाटतो, कारण तो आपल्याला खर्च करायचं ठरवून झाल्यावरच आठवतो. शिवाय २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं तेव्हापासून आमच्या क्षेत्रात केन्सचं कुणी फार ऐकत नाही. माझ्या टीममधले दोघे गेले. त्यातल्या एकाने वर्षभरापूर्वीच 'आता प्रवास करा, नंतर भरा' अशा एका अॅपवरून बालीची सहल केली होती. सहल केव्हाच संपली, हप्ते मात्र अजून चालू आहेत.

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ मध्ये एक निबंध लिहिला होता, पूर्व बंगालमधल्या निर्वासितांच्या हालांची बातमी समोर ठेवून. तुम्ही तळ्याकाठून जाताय, एक मूल बुडतंय, तर कपडे खराब होतील म्हणून थांबाल का? नाही ना? मग दूरच्या देशात मूल मरत असताना चैनीवर पैसे कसे उडवता? कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस कॅन्टीनमध्ये जायची लाज वाटली होती. पश्चिम विदर्भाचं नाव वर्तमानपत्रात बहुतेक वेळा कशासाठी येतं हे तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे तळं शोधत फिरावं लागत नाही.

पण आज मला सिंगरच्या गोष्टीतला वाटसरू खटकतो. तो मोकळा आहे. त्या मुलाशी त्याचा कसलाच व्यवहार नाही, म्हणून त्याने काही केलं तर तो उपकार. मी तसा वाटसरू नाही. आमच्या शेतात शेजारच्या खेड्यातून बाया कापूस वेचायला येतात. किलोला दहा रुपये. चांगला हात असलेली बाई दिवसाला पस्तीस किलो वेचते, म्हणजे साडेतीनशे. माझे ७२ हजार म्हणजे तिचे दोनशे पाच दिवस. ती बुडत नाहीये आणि तिने माझ्याकडे मदत मागितलेली नाही. यंदा त्यांनी बाराचा भाव मागितला, आणि बाबांनी दिला नाही. शेती परवडत नाही म्हणून.

तीस क्विंटलला दोन रुपयांचा फरक सहा हजार होतो. मी हिशेब करून बाबांना फोन केला. म्हटलं, हे सहा हजार मी देतो, जहाजाच्या पैशांतून काढतो, हॉटेलात एक रात्र कमी राहू.

बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "तू देशीन. मंग बाजूच्या वावरवाल्यानं कुठून देवाव? त्याले इंजिनीर पोरगं नाही. बाया म्हणतीन, तिकडं बारा भेटते. त्याचा कापूस झाडालेच राहीन."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि अजूनही पूर्ण नाही. माझं चांगुलपण त्या चार एकरवाल्याच्या अंगावर पडणार होतं. त्याला २०२५-२६ च्या हंगामात ७,७१० चा हमीभाव कागदावर होता, पण माल विकावा लागतो व्यापाऱ्याला. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कापड गिरण्यांना ते परवडलं. त्याची भरपाई कोण करतं हे आमच्या बाजार समितीत उभं राहिलं की कळतं.

गाडगेबाबा आमच्याच भागातले, शेंडगावचे, जन्म १८७६ चा. कर्ज काढून सण-समारंभ करू नका हे ते जन्मभर सांगत फिरले. लहानपणी मला ते आनंदाच्या विरोधातले वाटायचे. पण त्यांनी मुलीच्या बारशाला जेवण घातलंच होतं. रिवाजाप्रमाणे दारू-मटण न ठेवता गोडाचं घातलं, एवढंच. त्यांचा राग सावकाराच्या वहीवर होता, ताटातल्या गोडावर नव्हता. आमच्याच जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला पायी जाते. ज्या वर्षी पाऊस नसतो त्या वर्षीही जाते, आणि वारकऱ्याला कुणी विचारत नाही की तुला हे परवडतं का. वाटेवरची गावं जेवू घालतात, म्हणून परवडतं. (त्या महिन्यात मागे घर आणि वावर सांभाळणाऱ्या सुनेला कुणी विचारलं तर उत्तर थोडं वेगळं येईल.)

त्यामुळे 'गावाकडे अशी परिस्थिती असताना जहाजात कसला बसतोस' हा प्रश्न मी बाजूला ठेवलाय. पंचावन्न वर्षं खाऱ्या विहिरीजवळ काढलेल्या बाईने समुद्र बघू नये, असं सांगणारं नीतिशास्त्र मला नको. तिने घरी बसल्याने कापसाचा भाव एक रुपयाने वाढत नाही. हप्त्यावर जायचं नाही एवढं ठरलं होतंच. जहाजावरच्या वेटरची टीप काटायची नाही हेही. राहिल्या वेचणीच्या बाया.

तिथे रस्ता आईने काढला. बाया ऑटोने येतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये मुंबईत पेट्रोल १२० च्या वर गेलं होतं, तेव्हा आमच्याकडेही सगळ्यांनी दर वाढवले. ट्रॅक्टरवाल्याने नांगरणीचे, ऑटोवाल्याने सीटचे. पुढे कर कमी झाला, तेल थोडं उतरलं, पण ते दर काही उतरले नाहीत. ऑटोचे येण्याजाण्याचे तीस रुपये बाई आपल्या साडेतीनशेतून देते. तेल महागलं की त्याचा अधिभार तीच भरते, आणि तिच्या बाजूने बोलायला कुठला अॅटर्नी जनरल येत नाही. आई म्हणाली, "भाव नोको फोडू. ऑटो आपला लाव."

हिशेब केला. तीस क्विंटलला साधारण शहाऐंशी हजेऱ्या, प्रत्येकी तीस रुपये, म्हणजे २,६०० च्या आसपास. दोन रुपयांच्या मागणीच्या निम्मंसुद्धा नाही. ते बाराचं उत्तर नाही हे मलाही कळतं आणि त्या बायांनाही. भाव दहाचाच राहिला. शेजारच्या वावरवाल्याने मात्र दुसऱ्याच आठवड्यात बाबांना विचारलं, ऑटो अर्धा-अर्धा करायचा का. एक दिवस त्याच्याकडे वेचणी, एक दिवस आपल्याकडे. बाबा हो म्हणाले.

तिकिटं काढलीत. आतली, खिडकी नसलेली खोली, ती स्वस्त पडते. तारीख आईने ठरवली, शेवटची वेचणी झाल्यानंतरची. तोवर दर सकाळी सातला ऑटो येतो की नाही, हे ती रोज फोनवर मला सांगते. जहाजाबद्दल फक्त एकदा विचारलं, तिथे चहा किती वेळा मिळतो आणि त्याचे पैसे वेगळे लागतात का.