कोणाला चालेल?

मराठी भाषेत ‘चालेल’ हा एक अतिशय सोयीचा शब्द आहे. कोणाला चालेल, किती दिवस चालेल आणि न चालल्यास भुर्दंड कोणी सोसायचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. गणवेशाचे कापड असो वा छपराचा पत्रा, दुकानदार ‘चालेल’ म्हणतो, गिऱ्हाईक मान डोलावते आणि व्यवहार पुरा होतो. बहुतेक वेळा फारसे बिघडतही नाही. परंतु होडीच्या दुरुस्तीसाठी प्लायवुड घेताना हाच शब्द उच्चारला जातो, तेव्हा त्याचे वजन निराळे होते. कारण त्या लाकडावर पाय रोवून उभा राहणारा माणूस त्या वेळी बहुधा दुकानात हजर नसतो.

वसई, अर्नाळा, उत्तन येथील कोळी बांधवांना हा विषय नवा नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि पुढच्या हंगामाआधी त्यांची डागडुजी उरकावी लागते. पूर्वी सागाची फळी हे होडीचे सर्वस्व होते. तिच्या रेषा, गाठी, चिरा डोळ्यांना दिसत. जाणता सुतार नुसता हात फिरवून फळीचा स्वभाव सांगत असे. आता तसा साग सहजी परवडत नाही. म्हणून केबिनच्या भिंती, डेक, बर्फ व मासळी ठेवण्याचे खण अशा अनेक ठिकाणी प्लायवुड येते आणि त्यावर फायबरचा थर चढतो.

प्लायवुडची गोष्ट सागापेक्षा वेगळी आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे काढून, एकाच्या रेषा दुसऱ्याच्या रेषांना काटकोनात येतील अशा रीतीने ते एकावर एक चिकटवतात. थरांची संख्या सहसा विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो. एकटा पापुद्रा हाताने मोडेल. एकत्र आलेले पापुद्रे मात्र माणसाचा भार पेलतात. ही सारी शक्ती दोन गोष्टींवर उभी असते: थरांमधला डिंक आणि आतल्या थरांची सलगता. नेमक्या याच दोन गोष्टी गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. वरचा पापुद्रा सुरेख, गुळगुळीत असतो. आत मात्र दोन तुकड्यांमध्ये पोकळी राहिलेली असू शकते, कुठे एक तुकडा दुसऱ्यावर चढलेला असू शकतो. अशा पोकळीत एकदा पाणी शिरले की ते तेथेच मुक्काम करते आणि लाकूड आतून कुजू लागते. वर फायबर असेल तर हे कुजणे बराच काळ कोणाच्या लक्षातही येत नाही.

मरीन प्लायवुडसाठी भारतीय मानक आहे ते आय.एस. ७१० या क्रमांकाचे. या प्रतीसाठी फिनॉल फॉर्मल्डिहाइड जातीचा, पाण्याला दाद न देणारा डिंक वापरावा लागतो. लाकडाला कीड व बुरशी लागू नये म्हणून रासायनिक प्रक्रिया करावी लागते. नमुन्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत, अशी कसोटी आहे. सर्वसाधारण प्लायवुडचे मानक आय.एस. ३०३ हे वेगळे आहे. ते लाकूड वाईट नव्हे. कपाटाला, पलंगाला ते योग्यच आहे. पण ‘मरीन’ हा शब्द आता स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या खरेदीतही सर्रास ऐकू येतो आणि नुसत्या शब्दावरून आत काय आहे याचा बोध होत नाही. शिवाय अस्सल मरीन प्लायवुडसुद्धा अमर नसते. कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोके नीट बंद केली नाहीत तर पाणी तेथून आत शिरतेच.

दोन तक्ते शेजारी शेजारी उभे केले तर ते जुळ्या भावांसारखे दिसतात. किमतीत मात्र बराच फरक असतो. नाखवा विचारतो, “हे स्वस्तातले चालेल का?” दुकानदार म्हणतो, “चालेल.” सुतार म्हणतो, “वरून फायबर मारायचेच आहे, चालेल.” तिघांपैकी एकानेही उघड असत्य उच्चारलेले नाही. मग दोष कोणाचा?

या प्रश्नाशी विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात झुंज दिली आहे. त्याने एक काल्पनिक जहाजमालक उभा केला. जहाज जुने आहे, वरचेवर दुरुस्त केलेले आहे, ते प्रवासाला योग्य आहे की नाही अशी शंका मालकाला चाटून जाते. तपासणी करायची तर खर्च येणार. म्हणून तो मनाची समजूत घालतो: इतक्या वादळांतून हे सुखरूप आले आहे, आताही येईल, देव या गरीब प्रवाशांना सांभाळील. हळूहळू त्याची शंका खरोखरच मावळते. शांत मनाने तो जहाजाला निरोप देतो. जहाज भर समुद्रात बुडते आणि मालक विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्ड म्हणतो, हा मालक त्या माणसांच्या मृत्यूला जबाबदार आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता, पण तो विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. शोध घेऊन नव्हे, शंका दडपून त्याने तो मिळवला होता. क्लिफर्डची पुढची पायरी अधिक कठोर आहे. समजा, जहाज बुडाले नाही, सुखरूप परतले. तरीही मालकाचा अपराध तिळमात्र कमी होत नाही. तो फक्त उघडकीस येत नाही.

क्लिफर्ड आपल्या श्रद्धेचा वाटेकरी नव्हता आणि धर्मश्रद्धेविरुद्धही त्याने हेच शस्त्र उगारले. तेथे त्याच्याशी आपला वाद राहील. पण जहाजमालकाच्या बाबतीत तो आपल्यालाच आपल्या घरातले सत्य सांगतो. नव्या हंगामाच्या आरंभी धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात, तो आपल्या किनाऱ्यावरचा एक हृद्य सोहळा आहे. परंतु आशीर्वाद मागणाऱ्याने आपल्या हातून होण्यासारखे सर्व केलेले असावे, हे त्यात गृहीत आहे. जी तपासणी आपण पैशांसाठी टाळली, ती देवाने आपल्या वतीने करावी, ही अपेक्षा म्हणजे श्रद्धा नव्हे. तो श्रद्धेच्या नावावर काढलेला उधारीचा व्यवहार आहे.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क माणसाला काही प्रमाणात आहे असे मानले, तरी दुसऱ्याच्या वतीने धोका पत्करण्याचा हक्क त्याला कोणी दिला? मोठ्या होडीवरचे खलाशी आज पुष्कळदा परप्रांतांतून, दूरच्या पाड्यांतून आलेले असतात. तक्ता कोणता घेतला हे त्यांना कोणी विचारत नाही; विचारले तरी रोजगार गमावण्याच्या भीतीने ते काय बोलणार? ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात असाच एक प्रसंग आहे. पुढच्या प्रवासात धोका आहे, असे संत पौलाने क्रेतात बजावले होते. पण शताधिपतीने सुकाणूवाल्याचा आणि जहाजमालकाचा शब्द मानला. पौल पडला कैदी; त्याचे कोण ऐकतो? जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरचे २७६ जण वाचले ही देवाची कृपा. ज्याचा जीव पणाला लागतो त्याचे मत मात्र मोजले गेले नाही, हे सत्य त्या कृपेने पुसले जात नाही.

मोजले न जाणाऱ्या या माणसांसाठी एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल प्लिमसोल हा ब्रिटिश खासदार उभा राहिला. जीर्ण जहाजे भारंभार माल लादून, भरपूर विमा उतरवून समुद्रात सोडली जात. ती बुडाली तरी मालकाचे नुकसान होत नसे; बुडत ते खलाशी. प्लिमसोलने १८७३ साली पुस्तक लिहून हा अन्याय चव्हाट्यावर मांडला आणि १८७६ साली कायदा झाला: जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगवलीच पाहिजे. तीच आज ‘प्लिमसोल रेषा’ म्हणून ओळखली जाते. गंमत अशी, की ही रेषा नेमकी कोठे काढायची हे आरंभी मालकावरच सोपवले होते. ती जागा कायद्याने ठरवली गेली १८९० साली. रेषा असणे आणि ती योग्य जागी असणे यांत चौदा वर्षांचे अंतर पडले. तक्त्यावरच्या शिक्क्याचेही तसेच आहे. शिक्का हवा, पण त्यामागचे सत्य तपासणारा माणूसही हवा.

येथे कोणी म्हणेल, हे तत्त्वज्ञान पोट भरलेल्यांचे आहे. डिझेल महाग, मासळी कमी, डोक्यावर कर्ज. लहान होडीवाला चांगला तक्ता आणणार कोठून? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. गरिबीमुळे माणसाचा दोष नक्कीच हलका होतो. परंतु समुद्राला कोणाची परिस्थिती कळत नाही. पाणी श्रीमंताच्या होडीत जसे शिरते तसेच गरिबाच्या होडीत शिरते. म्हणून या प्रश्नाचे ओझे एकट्या होडीवाल्यावर टाकणे अन्यायाचे आहे. ते दुकानदाराचे आहे, सुताराचे आहे आणि समाजाचेही आहे.

सुदैवाने काही मार्ग आवाक्यातले आहेत. शिक्क्यावरचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो. तक्त्याच्या चारही कडा निरखल्या तर आतल्या पोकळ्यांचा काही अंदाज येतो; बोटाच्या पेराने ठोकत गेले तर पोकळ जागी आवाज बदलतो. कापताना उरलेला तुकडा घरच्या पातेल्यात उकळून पाहता येतो. थर लगेच सुटू लागले तर निकाल लागलाच. थर टिकले म्हणून मात्र तक्ता कसोटीला उतरला असे होत नाही. मच्छीमार सहकारी सोसायटीने वीस होड्यांचे लाकूड एकत्र घेतले, तर भाव पाडून मागता येतो, नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो आणि एकट्याला जे विचारायचे धाडस होत नाही ते सर्वांच्या वतीने विचारता येते. जेथे सर्वत्र भारी तक्ता परवडत नाही, तेथे पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या जागी तरी तडजोड न करणे हा विवेकाचा भाग आहे. आणि दुकानदाराने “हे होडीला नका वापरू” एवढे चार शब्द बोलण्याला पैसा लागत नाही. फक्त एक विक्री बुडते.

१९९२ सालच्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेचे विवेचन करताना निकृष्ट प्रतीचे कामही निषिद्ध गोष्टींत गणले आहे. चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फोडलेले कुलूप येते. पोकळी झाकून वर सुंदर पापुद्रा चिकटवणारा हातही त्याच आज्ञेखाली येतो, हे सहसा सुचत नाही. आपले दैनंदिन जीवनही अशाच न दिसणाऱ्या थरांवर उभे आहे: औषधाच्या गोळीत, पुलाच्या काँक्रीटमध्ये, शिक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकेत. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कोणालातरी ‘चालेल’ म्हणालेले असते. ते म्हणण्याआधी ‘कोणाला?’ एवढे विचारण्याची सवय आपल्या घराघरांत रुजली, तर मच्छीमाराच्या घरी दाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसांच्या जिवाचा घोर थोडा तरी कमी होईल.