मुहूर्त टळलेली नवरी आणि सोन्याची वीट

परळीच्या वैजनाथाशी योगेश्वरीचं लग्न ठरलं होतं, असं आमच्याकडे सांगतात. कोकणातून वऱ्हाड निघालं, अंबाजोगाईपर्यंत पोचलं आणि तिथे मुहूर्त टळला. वऱ्हाडी जागच्या जागी शिळा झाले. नवरी कुमारिकाच राहिली, तिथेच वसली. परळी तिथून जेमतेम २५ किलोमीटर.

ही कथा ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एकाला शिळा झालेलं वऱ्हाड डोळ्यांपुढे आणायचं असतं: घोडे, हत्ती, वाजंत्री, सगळं एका क्षणात थिजलेलं. दुसरा विचारतो, त्या क्षणी नवरीच्या मनात काय आलं? वैजनाथ इतका जवळ असताना ती पुढे का गेली नाही?

अद्भुत कादंबऱ्यांवरून वाचकांत होणारे वाद मला याच दोन तटांचे वाटतात. एकाला जग हवं असतं, त्याचे नकाशे, राजघराणी, मंत्रांचे नियम. दुसऱ्याला त्या जगात माणूस बदलताना दिसला पाहिजे. मराठी समीक्षेने कौल दुसऱ्याला दिला. हरिभाऊ आपट्यांनंतर कादंबरीचं माप ठरलं, आणि ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) ‘अद्भुतरम्य’ म्हणून बाजूला पडली. स्वभावचित्रण नाही, हा आरोप पुष्कळदा खराही असतो. पण वास्तववादी कादंबरीत पात्राच्या मनात शिरून जे शोधायचं, ते अद्भुतात दुसऱ्या जागी सापडतं, हे आपण लक्षात घेतलं नाही. चमत्काराची किंमत कोण मोजतो आणि काय देऊन मोजतो, तिथे ते असतं.

याचा सर्वांत चांगला पुरावा आमच्याच जिल्ह्याच्या देवघरांत आहे. धुंडिसुत मालूंचा ‘नवनाथ भक्तिसार’ १८१९ सालचा, ४० अध्यायांचा. श्रावणात घरोघरी त्याचं पारायण होतं. त्यातल्या मच्छिंद्रनाथांचं समाधिस्थान आष्टी तालुक्यात मायंब्याला आहे. पोथीत त्यांच्या शिष्याला, गोरक्षाला, भिक्षेत वडे मिळतात, गुरूला ते आवडतात, आणखी हवेसे होतात. वाढणारी बाई वड्याच्या बदल्यात डोळा मागते. गोरक्ष डोळा काढून देतो. प्रश्न नाही, शंका नाही, निव्वळ भक्ती.

पुढे गुरूच स्त्रीराज्यात रमतो. गोरक्ष त्याला तिथून बाहेर काढतो. वाटेत गुरूच्या झोळीत सोन्याची वीट असते, आणि ज्याच्या मंत्राला देव वश होतात त्या सिद्धाला चोरांची धास्ती वाटू लागते. गोरक्ष वीट फेकून देतो आणि अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवतो. मालू इथे मनाचं विश्लेषण करत बसत नाहीत. पण स्त्रीराज्याने मच्छिंद्राच्या आत काय ठेवून दिलं, ते त्या विटेने कळतं. आणि जो शिष्य गुरूच्या जिभेच्या हट्टासाठी डोळा देत होता, तोच आता गुरूची वस्तू न विचारता फेकतो. डोळ्यापासून विटेपर्यंतचं हे अंतर म्हणजे पात्राची वाढ नव्हे तर काय? आपण ती ओळखली नाही, कारण पोथी आपण पुण्यासाठी वाचली, कादंबरीसारखी कधी वाचलीच नाही.

मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणलेल्या टॉल्किनच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’मध्येही हेच माप लागू पडतं. अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ऐन वेळी ती टाकू शकत नाही. तो बोट गमावतो, आणि परतल्यावर ज्या घरासाठी सगळं केलं तिथे त्याचं मन राहत नाही.

आता परळीकराला जवळचा प्रश्न. अमीश त्रिपाठींच्या ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’मध्ये (२०१०) शिव हा तिबेटातून आलेला टोळीप्रमुख आहे. चुकणारा, शंका घेणारा. कुणाला हे आवडतं, कुणाला खुपतं. खुपणाऱ्याची बाजू मला नीट समजते. परळीत लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं, आणि ज्याच्यावर हात टेकायचा तो ढळणारा नाही, हाच त्या हाताचा आधार असतो. देव बदलू लागला तर कुणावर टेकायचं? पण कादंबरीतल्या शिवाकडून मला अढळपणा नको. त्याचा कंठ निळा होतो तेव्हा त्याला काहीच द्यावं लागत नाही. लोक लगेच तारणहार मानतात, आणि तेवढा भाग मला पोकळ वाटतो. ज्यांना दुष्ट समजून युद्ध केलं ते दुष्ट नव्हतेच, हे कळतं तेव्हा मात्र त्याला पहिली किंमत मोजावी लागते, आणि माझ्यासाठी तो शिव तिथे जन्माला येतो.