झाकणामागचे काम

घरातील विजेची जी पेटी आपण प्रवेशद्वाराच्या मागे किंवा जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात बसवून घेतो, आणि जिला कारागीर मंडळी नुसते ‘डी.बी.’ म्हणतात, तिच्या अंतरंगाचे दर्शन गृहस्थाला आयुष्यात क्वचितच घडते. दिवे गेले की दार उघडून खाली पडलेला खटका वर करावयाचा, एवढाच त्याचा त्या पेटीशी व्यवहार. आणि त्या खटक्यांच्या मागे, स्क्रूंनी आवळलेल्या आणखी एका झाकणाखाली, लाल, पिवळ्या, निळ्या, काळ्या व हिरव्या तारांचा जो संसार मांडलेला असतो, तो बहुधा घर बांधताना एकदा झाकला जातो आणि काही बिघडेपर्यंत झाकलेलाच राहतो. अशा जागी एखादा वायरमन प्रत्येक तार शांतपणे काटकोनात वळवून, फेज एका अंगाने व न्यूट्रल दुसऱ्या अंगाने नेऊन, टोकांना लग दाबून आणि कोणता खटका कोणत्या खोलीचा हे सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतो. दुसरा एखादा त्याच तारा मुठीत धरून आत कोंबतो, झाकण गुडघ्याने दाबून बसवतो आणि पुढच्या सदनिकेत जातो. संध्याकाळी दोन्ही घरांत दिवे सारखेच लागतात. ‘दार लागल्यावर आत कोण पाहणार आहे?’ हा दुसऱ्या कारागिराचा प्रश्न वरवर उर्मट वाटला तरी तो धर्मविचाराच्या मुळाशी जाणारा आहे, आणि त्याला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही.

सर्वांत हाताशी असलेले उत्तर म्हणजे, ‘देव पाहतो.’ भाविकाच्या मुखी ते शोभते, आणि त्याच्या बळावर कित्येकांनी आयुष्यभर सचोटीने कामे केली हेही खरे; परंतु थोडा विचार केला तर या उत्तरात देवाची प्रतिष्ठा वाढण्याऐवजी कमीच होते असे मला वाटते. कारण जो कारागीर केवळ कोणीतरी वरून पाहत आहे म्हणून तार सरळ वळवतो, त्याने ईश्वराला विद्युत निरीक्षकाच्या खुर्चीवर नेऊन बसवलेले असते. निरीक्षकाची आवश्यकता मी नाकारीत नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांतील पंचेचाळिसाव्या नियमाने, घरातील विजेचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच आणि लायकीचा दाखला असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे असा दंडक घातला, तो शहाणपणाचाच होता. पण परवाना, दाखला, तपासणी आणि शेरा यांच्या साखळीत परमेश्वर ही शेवटची कडी म्हणून जोडावयाची, म्हणजे भक्तीला भीतीची पुरवणी लावण्यासारखे आहे. आणि भीतीने केलेले काम, ज्या दिवशी भीती ओसरते त्या दिवशी ढिले पडते.

दुसरे उत्तर गीतेच्या आधाराने दिले जाते. कर्म आणि कौशल्य यांचा संबंध तिच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेला असल्यामुळे, सुबक कारागिरी हाच योग होय असे पुष्कळांनी परस्पर ठरवून टाकले आहे. शास्त्रार्थ मात्र इतका अनुकूल नाही. शांकरभाष्य घ्या किंवा मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि 1915 साली प्रसिद्ध झालेले टिळकांचे ‘गीतारहस्य’ घ्या. संन्यास की कर्म या मुख्य वादात ही दोन टोके असली, तरी त्या ठिकाणचे कौशल्य हाताच्या सफाईचे नव्हे, कर्म करूनही त्याचे बंधन लागू न देणाऱ्या समबुद्धीचे आहे, याविषयी दोघांत मोठासा मतभेद नाही. तेव्हा तारा कोंबणारा वायरमनही म्हणू शकेल की, मी समबुद्धीनेच कोंबतो. घर उजळो की जळो, फळाची आशा मी सोडलेली आहे! हा युक्तिवाद विनोदी आहे, पण तो विनोदी का आहे हे नेमके सांगता आल्याखेरीज फलत्यागाचा अर्थ आपल्याला कळला असे म्हणता येणार नाही.

त्यासाठी पेटीच्या आत थोडे डोकावले पाहिजे. तीन किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 13 ॲम्पिअर प्रवाह ओढतो. त्याची तार खटक्याच्या स्क्रूखाली पुरती आवळली गेली नाही, किंवा तिचे प्लास्टिकचे आवरण थोडेसे स्क्रूखाली सापडले, आणि त्या सांध्याचा अवरोध एक दशांश ओहमपर्यंत चढला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले अवरोध या शाळेत शिकविल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे त्या एका बिंदूवर जवळजवळ 17 वॅट उष्णता निर्माण होते. तीही करंगळीच्या नखाएवढ्या, वारा न लागणाऱ्या जागेत. सांधा तापतो, प्रसरण पावतो, थंड होताना आकुंचन पावतो, त्यामुळे आणखी सैल होतो, तांब्यावर काजळी धरते, अवरोध वाढतो आणि पुन्हा अधिक तापतो. या सर्व काळात रक्षणासाठी बसवलेली एम.सी.बी. स्वस्थ असते, कारण तिला कळतो तो फक्त प्रवाह, आणि प्रवाह तर नियमाप्रमाणेच, किंबहुना किंचित कमीच, चाललेला असतो. फ्यूज असता तरी तो असाच स्वस्थ राहिला असता. ज्या दोषाची दाद लावणारे दुसरे कोणतेही यंत्र त्या पेटीत नाही, त्या दोषापुरता स्क्रू आवळणारा हातच काय तो पहारेकरी असतो.

न्यूट्रलचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. जीवरक्षणासाठी बसवलेली 30 मिलिॲम्पिअरची आर.सी.सी.बी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची सतत तुलना करीत असते, आणि त्यांत तेवढी तफावत पडताच मार्ग तोडते. आता दोन आर.सी.सी.बी. असलेल्या पेटीत एका मंडलाची फेज तार पहिलीतून आणि न्यूट्रल मात्र घाईघाईने दुसरीच्या पट्टीवर नेलेली असेल, तर कोणालाही धक्का बसलेला नसताना दोन्ही खटके वारंवार पडतात. तारा रंगाने व मार्गाने वेगळ्या ठेवलेल्या असल्या तर हा दोष जरा निरखून पाहिल्याबरोबर सापडतो. काळ्या तारेचे भेंडोळे संपले म्हणून कोणी न्यूट्रललाही लालच तार ओढली असेल आणि सारा गुंता एकत्र असेल, तर तिसऱ्या दिवशी बोलावलेला माणूस कंटाळून ती आर.सी.सी.बी.च वगळून तारा थेट जोडून देतो. खटके पडणे थांबते, गृहस्थ संतुष्ट होतो, आणि न्हाणीघरातील ओल्या हाताला असलेले एकमेव संरक्षण त्या दिवसापासून संपते. पहिल्या कारागिराच्या अव्यवस्थेने दुसऱ्याला पाप करावयास भाग पाडले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणजे झाकणामागे कोणीच पाहत नाही हा आरंभीचा समजच चुकीचा ठरतो. पाहणारा येणार असतो. तो कधी येईल आणि कोण असेल, एवढेच अज्ञात असते. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री, एका हातात विजेरी व दुसऱ्या हातात टेस्टर घेऊन, घरमालकाच्या अधीर प्रश्नांना तोंड देत तो त्या पेटीसमोर उभा राहणार असतो, आणि समोरची काळी तार खरोखरच न्यूट्रल आहे या विश्वासाने तिच्याकडे हात नेणार असतो. ज्याने ती तार वर्षांपूर्वी जोडली त्याची आणि याची भेट कधीही होणार नाही. आपल्या परंपरेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे प्रसिद्ध आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला मनुष्यांचे चौथे ऋण सांगितले आहे, आणि माणसांना आसरा व अन्न देऊन ते फेडावयाचे असते. पहिली तीन ऋणे आपल्या आधीच्यांची किंवा आपल्यावरच्यांची. चौथे मात्र दाराशी कोणीही येऊन उभा राहील त्याचे. मला असे वाटते की पेटीतील व्यवस्था ही या चौथ्या ऋणाची फेड आहे: वेळ ठाऊक नसलेल्या पाहुण्यासाठी ओटीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवावा, तशी ती त्या रात्रीच्या वायरमनसाठी करून ठेवलेली असते.

एवढे मान्य केले की मघाचा विनोदी युक्तिवाद आपोआप निकालात निघतो. फलत्याग म्हणजे फळावरचा माझा हक्क सोडणे. त्या फळाने दुसऱ्याचे काय होणार याची काळजी सोडणे नव्हे. वायरमनने सोडावयाचे ते स्तुती, नाव आणि ओळख. तारा कोंबणारा नेमकी हीच गोष्ट सोडीत नाही, कारण दिवे लागले आणि पैसे मिळाले हे त्याच्या वाट्याचे फळ तो पदरात पाडून घेतो आणि दुसऱ्याच्या वाट्याचे तेवढे टाकून देतो.

या कसोटीला नीटनेटकेपणाही लावून पाहिला पाहिजे, कारण प्रत्येक सुबक पेटी सद्हेतूची असतेच असे नाही. काही कारागीर तारा इतक्या मापात कापतात की अंगुळभरही ढील उरत नाही; छायाचित्रात ती रचना मोहक दिसते, पण उद्या एखादे टोक जळाले आणि ते कापून नव्याने जोडावयाचे झाले, तर तार पोचतच नाही. काही जण दहा-पंधरा तारांची जुडी पट्ट्यांनी करकचून बांधतात. भार वाहणाऱ्या तारा एकमेकींना चिकटून दूरवर नेल्या की त्यांची उष्णता बाहेर पडत नाही, आणि म्हणूनच जुडीतल्या तारेवर सुट्या तारेइतका भार घालू नये असा या शास्त्राचा संकेत आहे. हा नीटनेटकेपणा पाहुण्यासाठी नसून आरशासाठी असतो. खरा कसबी माणूस एक लहानसे वळण मुद्दाम राखून ठेवतो, जे वरवर पाहणाऱ्याला कदाचित गबाळेपणाही वाटेल.

संतांच्या कथांपैकी एक या संदर्भात मला नेहमी अस्वस्थ करते. गोरोबा कुंभार विठ्ठलनामात देहभान विसरून चिखल तुडवीत असता त्यांचे तान्हे मूल पायाखाली आले, ही कथा वारकरी संप्रदायात भक्तीची परिसीमा म्हणून सांगतात, आणि पुढे ते मूल पुन्हा लाभल्याचेही सांगतात. त्या भक्तीपुढे मान लववूनही माझ्या मनात असे येते की, ज्याच्या हाताखाली वा पायाखाली दुसऱ्याचा जीव आहे, त्याने आपले मन कामाबाहेर, मग ते देवाकडे का असेना, पाठवणे हा आदर्श सर्वांसाठी नसावा. मळा न सोडता मळ्यातच पांडुरंग पाहणारे अरणचे सावता माळी मला कारागिराच्या अधिक जवळचे वाटतात. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या, आणि साने गुरुजींनी लिहून घेतल्यामुळे आपल्याला लाभलेल्या प्रवचनांत, बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली म्हणजे कर्माचे ओझे उरत नाही, असा विचार मांडला आहे. स्क्रू आवळताना मन स्क्रूवर असणे, यापेक्षा त्या विचाराचे साधे उदाहरण मला सुचत नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे पक्कड, पेचकस, हातोडा ही हत्यारे मांडून त्यांची पूजा होते, आणि कारखान्यांतून विजेच्या पॅनेललाही झेंडूची माळ व हळदकुंकू वाहिले जाते. मोठी देखणी प्रथा. पण माळ घालण्यापूर्वी वर्षातून एकदा, मुख्य पुरवठा बंद करवून, जाणत्या माणसाकडून आतले सगळे स्क्रू तपासून घेण्याचा विधी तिला जोडला असता, तर पूजा अपुरी ठरली असती असे कोणताही शास्त्री म्हणाला नसता.

येथवर जे लिहिले त्यात एक अन्याय आहे, आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. धर्माचा हा सारा उपदेश आपण वायरमनला करतो. त्याला मजुरी मात्र पॉइंटच्या हिशेबाने देतो. दिव्याचा एक पॉइंट, पंख्याचा एक, प्लगचा एक. भिंतीवर जे दिसते ते मोजावयाचे, आणि पेटीच्या आत गेलेला अर्धा दिवस बहुतेक हिशेबांत कोठेच धरावयाचा नाही. सकाळी नऊला कामावर आलेल्या आणि संध्याकाळच्या आत खोल्या उरकल्याखेरीज ज्याचा रोज सुटत नाही अशा माणसाला अनासक्तीची थोरवी ऐकवणे हा घरमालकाचा स्वस्तातला धर्म झाला. टाइल्सच्या नक्षीसाठी आठवडाभर दुकाने धुंडाळणारा गृहस्थ डी.बी.ची किंमत विचारताना शेकड्यांवर घासाघीस करतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तेव्हा चौथ्या ऋणाचा अर्धा वाटा मालकाकडेही निघतो, आणि तो फेडण्याची रीत अगदी व्यवहारी आहे: करारनाम्यात पेटीच्या जोडणीची रक्कम पॉइंटांपासून वेगळी लिहावी, तिच्यासाठी वेगळा दिवस धरावा, आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी झाकण लावू न देता, ते काम करणाऱ्याच्याच तोंडून प्रत्येक तार कोठे जाते हे एकदा समजावून घ्यावे.