फेरपरीक्षा कुणाच्या मर्जीवर?

अंतर्गत चाचणी चुकलेला विद्यार्थी प्राध्यापकांसमोर उभा राहतो, तेव्हा दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. त्याची चाचणी पुन्हा घ्यायची का, हा पहिला. ते ठरवायचं कुणी आणि कशाच्या आधारावर, हा दुसरा. आपली सगळी चर्चा पहिल्याच प्रश्नाभोवती फिरते. सर मायाळू असले तर चाचणी होते, कडक असले तर होत नाही, आणि मुलंही ‘सर, एक चान्स द्या ना’ या विनवणीपलीकडे जात नाहीत. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. फेरपरीक्षा ही कुणाच्या मर्जीची बाब राहू नये. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात लेखी जाहीर केलेला आणि सर्वांना सारखा लागू होणारा असा तिचा नियम असावा. तो नियम अन्यायाचा वाटला, तर तसं म्हणण्याची जागाही असावी.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांत साधारणपणे शंभरांतले सत्तर गुण विद्यापीठाच्या परीक्षेला आणि तीस अंतर्गत मूल्यमापनाला असतात. विद्यापीठाचा पेपर बुडाला तर पुढचा रस्ता सगळ्यांना ठाऊक असतो: एटीकेटी, पुन्हा फॉर्म, पुन्हा फी, पुढच्या सत्रात पुन्हा पेपर. त्रासाचा असला तरी तो ठरलेला आहे. त्या तीस गुणांचं तसं नाही. एका विभागात चाचणी पुन्हा मिळते, शेजारच्या विभागात शून्य पडतं. एकाच कॉलेजात, एकाच कारणासाठी, दोन मुलांना दोन न्याय मिळतात.

हा प्रश्न शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्यांत वेगळ्या धारेने लागतो. शिरूरला रेल्वे नाही. वाड्यावस्त्यांवरची मुलं एसटीवर किंवा कुणाच्या तरी दुचाकीवर अवलंबून. दौंड मोठं जंक्शन खरं, पण केडगाव-यवतच्या मुलांचा दिवस गाडीच्या वेळेवर चालतो आणि गाडी तिच्या स्वतःच्या वेळेवर. शिरूर, न्हावरे, चौफुला या रस्त्यावर गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली की अर्ध्या तासाचं अंतर किती वेळ खाईल, सांगता येत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीने काम करून शिकणारी मुलं आहेत. रात्रपाळी संपवून ती थेट वर्गात येतात. ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना रात्रीची लाइट आली की उसाला दारं धरायला जावं लागतं. शिरूरच्या ऊसपट्ट्यात तर त्या अंधाराला बिबट्याची भीती जोडलेली आहे. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात थोड्याच दिवसांत बिबट्याने माणसांचे बळी घेतले आणि लोक रस्त्यावर उतरले. अशा दिवसांत एखाद्या बापाने मुलीला पहाटेच्या एसटीसाठी एकटीला फाट्यावर पाठवलं नाही, तर त्याला आळस म्हणायचं का?

ऑक्टोबर 2021च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022पर्यंत रेंगाळला. त्या काळात गावोगावच्या मुलांची हजेरी आणि चाचण्या बुडाल्या, पण मुलांच्या चुकीने नव्हे. एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंत मिळतो. मुलगी पदवीच्या वर्गात गेली की तो थांबतो, घरापासून कॉलेजचं अंतर मात्र बहुधा वाढतं. इतक्या गोष्टी विद्यार्थ्याच्या हाताबाहेर असताना चाचणीला न येणं हा आपोआप गुन्हा ठरू शकत नाही.

यावर कॉलेजांनी शोधलेला उपाय म्हणजे पुरावा. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, पालकांना घेऊन या, लग्न असेल तर पत्रिका दाखवा. प्राध्यापकांना फसवणारी मुलं असतात, हे खरं आहे. पण पुराव्याच्या अटीने फसवणूक थांबत नाही. ज्याच्या ओळखीचा डॉक्टर आहे, त्याला कागद सहज मिळतो. तापात घरीच पडून राहिलेल्या, दवाखान्याचे पैसे वाचवलेल्या मुलाकडे काहीच नसतं. मासिक पाळीचा त्रास, घरातली मारहाण, वडिलांचं दारूपायी रस्त्यावर पडणं यांची सर्टिफिकेटं कुठली आणायची? एकोणीस वर्षांच्या मुलीला दहा गुणांसाठी घरातली लाज टेबलावर मांडायला लावणं हा शिक्षणाचा भाग असूच शकत नाही.

प्राध्यापकांची बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवी. ‘एकाला दिली की सगळे येतील’ हे वाक्य निव्वळ हट्टाचं नसतं. दुसरी चाचणी म्हणजे नवी प्रश्नपत्रिका, नवा वेळ, पुन्हा पेपर तपासणं. भरती रखडल्याने अनेक कॉलेजांचा भार सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. त्यांना तासाचा मोबदला मिळतो. फेरपरीक्षेसाठी खर्च झालेली संध्याकाळ कुठल्याच तासात मोजली जात नाही. वेळेवर आलेल्या, रात्र जागून अभ्यास केलेल्या मुलांचाही हक्क आहे. उशिरा येणाऱ्याला जास्त दिवस आणि तोच पेपर मिळाला, तर अन्याय त्यांच्यावर होतो. हे आक्षेप खरे आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न एकट्या शिक्षकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडणं चुकीचं आहे.

आणखी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: ‘बाहेरचं जग दुसरी संधी देत नाही. एमपीएससीला गेट बंद झालं की बंद.’ इथे दोन वेगळ्या परीक्षांची गल्लत होते. एमपीएससी निवड करते. जागा थोड्या आणि उमेदवार लाखांनी, म्हणून तिला बहुतेकांना बाहेर ठेवावंच लागतं. वर्गातली चाचणी कुणाला बाहेर ठेवण्यासाठी नसते. मुलाला काय आलं आणि काय राहिलं, हे त्याला आणि शिक्षकाला कळावं, यासाठी ती असते. न आलेल्या मुलाला शून्य दिलं, तर त्याला काय येतं हे कुणालाच कळत नाही. ते शून्य त्याच्या ज्ञानाचा आकडा नसून एका सकाळच्या गैरहजेरीचा आकडा असतो. शिवाय निवडीच्या परीक्षांनीही ताठरपणा सोडला आहे. जेईई मेन 2019पासून वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते आणि त्यातला चांगला गुणांक धरला जातो. महाराष्ट्रात दहावीला अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी 2015पासून जुलैत फेरपरीक्षा सुरू झाली आणि मुलांचं वर्ष वाचू लागलं. सीबीएसईने 2026पासून दहावीला दुसऱ्या परीक्षेची ऐच्छिक संधी ठेवली. देशातली इतकी मोठी यंत्रणा हे करू शकते, तर साठ मुलांच्या वर्गाला ते जड जाऊ नये.

करोनाच्या वर्षाने हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या नाहीत, अशी भूमिका महाराष्ट्र सरकारने घेतली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 6 जुलै 2020 रोजी परीक्षा घ्याव्याच लागतील असं सांगितलं. विद्यार्थ्यांच्या आणि युवासेनेच्या याचिकांवर 28 ऑगस्ट 2020 रोजी निकाल लागला: राज्य परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी करू शकतं, पण परीक्षेविना पदवी देता येणार नाही. बातम्यांत एवढंच गाजलं. आयोगाच्या त्याच सूचनांमधली दुसरी तरतूद मात्र झाकोळली गेली. कारण कोणतंही असो, अंतिम परीक्षेला बसू न शकलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने विशेष परीक्षेची संधी द्यावी, असं त्यात होतं. कारण विचारायचं नव्हतं, पुरावा मागायचा नव्हता. परीक्षेचं मोल आणि दुसरी संधी या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर शेजारी-शेजारी नांदल्या. तरतूद त्या एकाच वर्षापुरती होती, पण तत्त्व एका वर्षापुरतं असायचं कारण नाही. साथ संपली, एसटी चुकणं, आई आजारी पडणं, रात्रपाळी लांबणं हे काही संपलेलं नाही.

सर्वांना सारखं वागवणं म्हणजे सर्वांना एकाच तारखेला बांधणं नव्हे. दिव्यांग विद्यार्थ्याला तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, तेव्हा इतरांवर अन्याय झाला असं आज कुणी म्हणत नाही. आपल्या मातीत ही समज जुनी आहे. दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांना दिवसाच्या शाळेत येता येत नाही, हे ओळखून जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली रात्रीची शाळा काढली. पंडिता रमाबाईंनी याच दौंड तालुक्यातल्या केडगावला दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या मुलींना आणि बायकांना शिकवलं, त्यांचं शिकायचं वय उलटलं का हे न पाहता. बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही पदवी घेता यावी. या चौघांनीही अभ्यास सोपा केला नाही. त्यांनी वेळापत्रक माणसाच्या आयुष्याकडे वळवलं.

मग नियम कसा असावा? सत्रात तीन छोट्या चाचण्या घ्याव्यात आणि त्यांतल्या उत्तम दोन धराव्यात. एक चुकली तर कारण सांगायची गरजच उरत नाही, खोटं बोलायचं कारण उरत नाही आणि शिक्षकावर न्यायाधीश होण्याची वेळ येत नाही. दोन चुकणाऱ्यासाठी सत्राअखेरीस कॉलेजभर एकच ठरलेला दिवस ठेवावा. अभ्यासक्रम तोच, काठिण्य तेच, प्रश्न वेगळे. त्या दिवसाचं पर्यवेक्षण विभागांनी वाटून घ्यावं आणि सीएचबीच्या शिक्षकांना त्या कामाचा मोबदला मिळावा. हे सगळं पहिल्या आठवड्यात फलकावर आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेखी यावं.

नियम असूनही वाद होतील, आणि ते व्हायला हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिच्या निर्णयावर विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. मूल्यमापनातला अपारदर्शक किंवा अन्यायकारक व्यवहार हाही तक्रारीचा विषय होऊ शकतो. तरीही मुलं अर्ज करत नाहीत, कारण उरलेले गुण त्याच सरांच्या हातात असतात. ही भीती घालवणं प्राचार्यांचं काम आहे: तक्रार करणाऱ्याचे त्या विषयातले पेपर दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घेण्याची हमी द्यावी.

विद्यार्थ्यांनीही विनवणी सोडून मुद्दा मांडायला शिकावं. ‘सर, नियम काय आहे, तो माझ्या बाबतीत असा का लावला आणि तो सर्वांना तसाच लागू आहे का?’ आदर ठेवून, लेखी, तारीख घालून विचारलेला हा प्रश्न उद्धटपणा नाही. हीच मुलं उद्या ग्रामसभेत हिशेब मागणार आहेत, साखर कारखान्याला उसाच्या एफआरपीचा दर विचारणार आहेत, तहसील कचेरीत नकाराचं कारण लेखी मागणार आहेत. नियम विचारणाऱ्या मुलाला जे कॉलेज नीट उत्तर देतं, ते त्याला नागरिकशास्त्राचा सर्वांत मोलाचा धडा शिकवतं. उत्तर त्याच्या विरोधात गेलं, तरीही.