खुर्ची बाईची, दप्तर कोणाचे?

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातल्या उधव्याचा सरपंच कोणत्या समाजाचा असेल, हे निवडणुकीआधीच ठरलेले असते. हा तालुका सगळाच्या सगळा अनुसूचित क्षेत्रात येतो आणि अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने तिथली सरपंचपदे आदिवासींसाठीच राखून ठेवली आहेत. उरतो तो प्रश्न बाई की पुरुष एवढाच. आणि २०११ पासून राज्याने पंचायतींतील निम्मी पदे स्त्रियांना दिल्यामुळे तोही पाळीपाळीने सुटतो. स्त्रिया, राजकारण आणि प्रशासन यांचा अभ्यास करणाऱ्याला इतके स्वच्छ क्षेत्र क्वचितच मिळते, कारण जातीजातींमधील चढाओढीचा गुंता इथे बराचसा बाजूला पडतो. तरीही अशा अभ्यासांचा रोख बहुधा निवडून आलेल्या बाईवरच असतो. ती शिकलेली आहे का, सभेत बोलते का, स्वतः निर्णय घेते का? माझ्या मते परीक्षा घ्यायची ती बाईची नव्हे, कचेरीची.

आरक्षणाने काहीच बदलत नाही, हे म्हणणे तर पुराव्यापुढे टिकत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांतल्या पंचायती तपासून २००४ मध्ये दाखवून दिले, की बाई सरपंचपदी असली की पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च होतो. आणि गावातल्या बायकांची तक्रारही मुख्यतः पाण्याचीच होती. रिखिल भवनानी यांचा २००९ मधला अभ्यास तर मुंबई महापालिकेचाच आहे. १९९७ मध्ये स्त्रियांसाठी राखीव असलेले जे प्रभाग २००२ मध्ये खुले झाले, तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. एकदा दार उघडले की ते पुरते बंद होत नाही, हे यातून कळते. पण आत गेल्यावर दप्तर कोणाच्या हाती राहते, हे कळत नाही.

इथेच ‘सरपंचपती’चा आक्षेप येतो: सही बायकोची, कारभार नवऱ्याचा. हे घडते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण या पतीला पती म्हणून कारभार करू देतो कोण? पंचायत समितीतून फोन त्याला जातो, बैठकीचा निरोप त्याला मिळतो, साहेब आले की खुर्ची त्याच्यासाठी ओढली जाते. केंद्रीय वित्त आयोगाचा पैसा खर्च करायला सरपंच आणि ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांची डिजिटल सही लागते. ती सही असलेली पेनड्राइव्हसारखी चावी सरपंचबाईच्या घरात आहे की कार्यालयातल्या कपाटात, एवढे पाहिले तरी सत्ता कुठे आहे ते समजते. बाई स्वतः कारभार करू लागली तर काय होते, हे जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याने दाखवले. सरकारी जागेवरच्या घरात राहत असल्याच्या आरोपावरून तिथल्या सरपंचबाई अपात्र ठरल्या. आपण भाड्याच्या घरात वेगळे राहतो, हे त्यांचे म्हणणे ना जिल्हाधिकाऱ्यांना पटले ना विभागीय आयुक्तांना. उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि गावकऱ्यांबरोबरच सरकारी यंत्रणेतल्या पूर्वग्रहावरही बोट ठेवले.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. डहाणू-तलासरीच्या बायका आरक्षणाची वाट पाहत बसल्या नव्हत्या. लग्नाच्या कर्जापायी नवऱ्याबरोबर बायकोलाही जमीनदाराकडे राबवणारी लग्नगडीची पद्धत १९४५ च्या वारली उठावाने मोडली आणि त्या लढ्याच्या अग्रभागी किसान सभेच्या गोदावरी परुळेकर होत्या. मग कायद्याने दिलेल्या खुर्चीचे एवढे कौतुक कशाला? उत्तर असे, की जमीनदार समोर दिसत होता, त्याच्याशी भिडता येत होते. फाइलशी तसे भिडता येत नाही. तिच्यामागे रोज लागावे लागते आणि त्यासाठी हक्काची जागा लागते.

ती जागा देतानाच काढून कशी घेतली जाते, हे ग्रामसभेच्या वेळापत्रकात पाहावे. ग्रामसभांच्या रूढ तारखा चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, म्हणजे पहिल्या दोन सभांना ती गावात नसतातच. उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायका सकाळीच घर सोडतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. पण ती कामाच्या दिवशी भर दुपारी बोलावली तर येणार कोण? नंतर अहवालात मात्र ‘महिलांचा प्रतिसाद अल्प’ अशी नोंद होते आणि दोष पुन्हा बायकांच्या माथी येतो. उधव्यात संशोधन करायचे तर प्रश्नावली घेऊन सरपंचबाईच्या दारात जाण्याआधी ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक उघडावे. महिला सभेत हातपंपाचा ठराव झाला असेल तर तो ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आला का, तिथून विकास आराखड्यात गेला का, आणि कार्यारंभ आदेश निघाला तो त्याच पाड्यासाठी की दुसऱ्या, हे तारीखवार उतरवून घ्यावे.