साडेआठच्या आतला वसंत

सोलापुरात वसंत असतो का, असे पुण्याकडचे पाहुणे विचारतात आणि बहुतेक सोलापूरकर हसून नाही म्हणतात. थंडी संपते, ऊन लागते, मधे काही नाही. हे आपण इतक्यांदा बोललो आहोत की आपल्यालाच ते खरे वाटू लागले आहे. मार्चमध्ये पारा 37-38 अंशांवर जातो, एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडतो, दुपारी रस्ते ओस पडतात. तरीही माझे ठाम मत आहे की या गावाला वसंत आहे आणि तो भरघोस आहे. तो सकाळी साधारण सहा ते साडेआठ एवढ्या वेळात भेटतो, मावळतीला पुन्हा थोडा. घरात लहान मूल असेल तर हे आपोआप कळते, कारण त्या वेळेला ते टक्क जागे असते आणि त्याला बाहेर जायचे असते.

माझी लेक साडेतीन वर्षांची आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना कडुनिंब आहे. शिवरात्रीच्या आसपास तो पाने टाकायला लागतो आणि अंगण झाडणाऱ्या आम्ही बायका रोज कुरकुर करतो. मग तांबूस, लवलवती पालवी येते. पाडव्याच्या सुमारास मोहर फुटतो आणि पहाटे गल्लीभर त्याचा मंद वास असतो. मोठ्या माणसाला हे सगळे वर्षानुवर्षे माहीत असते, म्हणून तो मान वर करत नाही. लेकीला बघावेच लागते. काल खाली वाळकी पाने होती, आज पांढरी बारीक फुले पडली आहेत, आणि हे कोणी केले ते तिला विचारायचे असते. "रात्री कोण आलं होतं?" असा तिचा प्रश्न. कोणी आले नव्हते, मोहर आपसूक गळतो, असे मी सांगितले. तिने ओंजळभर फुले नाकाशी नेली आणि म्हणाली, "मग झाड रिकामं होणार?" होत नाही. लिंबोळ्या धरतात आणि त्या पिवळ्या होईतो पावसाळा दाराशी येतो. पण हे उत्तर मी सांगून तिला मिळणार नाही. जूनपर्यंत त्याच झाडाखाली येत राहिली तर ते तिचे तिला मिळेल.

लांबच्या सहलीपेक्षा मला दारचे झाड मोलाचे वाटते ते यासाठी. फिरायला जाणे म्हणजे काहीतरी बघून येणे, अशी आपली समजूत आहे. किती ठिकाणे झाली, फोटो कसे आले, गाडी कुठे लावायची, हा मोठ्यांचा हिशोब. रोज तीच गोष्ट सांग म्हणणारे मूल रोज त्याच जागी जायलाही कंटाळत नाही. पहिल्या दिवशी ते जागा बघते, दुसऱ्या दिवशी ओळखते, आणि तिसऱ्या दिवशी तिथे काय बदलले ते आपल्याला सांगते. वसंत हा सगळा बदलाचाच ऋतू आहे, आणि एकदाच गेलेल्याला बदल दिसणार कसा?

दारच्या गोष्टींतून मुलाने शिकावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर चालवले. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, खडे, पाने, शिंपले गोळा केले आणि त्यांवर मुलांना मोजायला, जुळवायला, निवडायला शिकवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. हे काम काटकसर म्हणून सांगितले जाते. मला त्यात काटकसरीपेक्षा मोठे काही दिसते. कारखान्यातला मणी कुठून आला हे मुलाला विचारता येत नाही. चिंचोक्याला मात्र झाड असते, आणि ते झाड दाखवता येते. वसंतात आपल्या रस्त्यांवर हे साहित्य फुकट पडलेले असते. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात, कानाशी धरून हलवल्या की आतल्या बिया वाजतात. गुलमोहराच्या लांब शेंगांच्या तलवारी होतात. पिंपळाची कोवळी पाने उन्हासमोर धरली की त्यातली शिरांची जाळी मोजत बसता येते. ऊन चढू लागले की कुठल्याशा वडा-पिंपळावरून तांबट टुक्-टुक् सुरू करतो. तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. न दिसणाऱ्या पक्ष्याला शोधत मान वर करून उभ्या राहिलेल्या मुलाला कोणीही 'चल लवकर' म्हणू नये, असे मला मनापासून वाटते.

गावात फिरायला जागा नाहीत ही तक्रारही मला पटत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तलाव खोदला, अशी आपली परंपरा सांगते. त्या पाण्यात आज सिद्धेश्वरांचे मंदिर आहे आणि काठाला बहामनी काळापासूनचा भुईकोट किल्ला. सकाळी सातला तिथे गेलात तर तटाची सावली बराच वेळ अंगावर असते. लेकीला किल्ल्याच्या इतिहासात रस नाही, अजून नसावाच. तटातल्या फटींत कोण राहते, यात तिला रस आहे. फटींत पारवे राहतात, सरडे राहतात, कुठे कुठे पिंपळाचे रोपही राहते. तलावाच्या काठावर आणखी एक गोष्ट दिसते, ती तिनेच मला दाखवली. दगडावरची ओल आठवड्या-आठवड्याला खाली सरकते. आपल्याकडचा वसंत हा पाणी आटण्याचाही ऋतू आहे. विजापूर रोडवरच्या कंबर तलावावर हिवाळाभर मुक्काम केलेले पाहुणे पक्षी याच दिवसांत उत्तरेला निघतात. "पाणी कुठं गेलं?" आणि "बदकं कुठं गेली?" हे दोन प्रश्न एकाच आठवड्यात आले, तेव्हा मला जाणवले की दुष्काळी मुलखातल्या मुलाला ऋतू शिकवायला वेगळा धडा लागत नाही.

पाण्याचा संबंध आमच्या फिरण्याशी आणखी एका वाटेने येतो. या शहरात वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आले आहे. पाण्याचा दिवस असला की घरातले सगळे हंडे, पिंप, टाक्या यांच्या मागे असतात आणि फिरणे राहते. सोलापुरातल्या आईबापांचे वेळापत्रक असे उन्हाने आणि नळाने मिळून आखलेले असते. हिप्परग्याचा एकरुख तलाव ब्रिटिशांच्या काळात, 1871च्या सुमारास, या मुलखातल्या पाणीटंचाईवर उपाय म्हणून झाला. त्याच्या बांधावर मुलाला घेऊन उभे राहावे आणि आपण पितो ते पाणी कुठे साठते हे दाखवावे. रंगपंचमीला बादली मागणाऱ्या मुलाला कोरडा रंग का द्यायचा, हे मग घरी समजवावे लागत नाही.

पाडव्याबद्दल मात्र थोडे सावकाश सांगायला हवे, कारण तसा पाडवा महाराष्ट्रात फार थोड्या गावांना लाभतो. आमच्या घरी गुढी उभी राहते, तिला साखरेच्या गाठी आणि कडुनिंबाचा डहाळा. सासूबाई कोवळा पाला, मोहर, गूळ, ओवा, हिंग, मीठ वाटून सगळ्यांच्या तळहातावर गोळी ठेवतात. शेजारी तेलुगू कुटुंब आहे. तिथल्या अम्मा उगादीची पच्चडी करतात: निंबाचा मोहर, नवी चिंच, गूळ, कैरी, मीठ, तिखट, सहाही चवी एका वाटीत. दोन घरे सोडून कानडी अव्वा बेवु-बेल्ला, म्हणजे निंब आणि गूळ, हातावर ठेवतात. एका सकाळी, एका गल्लीत, एकाच झाडाचा मोहर लेकीने तीन घरांत तीन तऱ्हांनी चाखला. पहिल्या घरी तोंड वाकडे केले, दुसऱ्या घरी कैरीचा तुकडा वेचून खाल्ला, तिसऱ्या घरी गूळ पुन्हा मागितला. 2025 साली पाडवा 30 मार्चला आला आणि रमजान ईद 31 मार्चला, म्हणजे कडूच्या दुसऱ्याच दिवशी शीरखुर्मा. त्याआधीच्या संध्याकाळी विजापूर वेशीतल्या मीना बाजारात बांगड्यांच्या दिव्यांखाली लेकीला खांद्यावर घेऊन फिरणे, ही माझ्या लेखी वसंतातली पहिल्या प्रतीची सहल आहे. तिच्यात झाड नाही, पक्षी नाही, पण आपले गाव कोणाकोणाचे आहे हे मुलाला डोळ्यांनी कळते. पुढे कोणी त्याला वेगळे सांगू लागले तर त्याच्यापाशी स्वतः चाखलेली चव असेल.

संध्याकाळी पार्क चौपाटी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, एप्रिलमध्ये जयंतीची रोषणाई, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे, हे सगळे होतेच. त्यासाठी कोणाला सुचवावे लागत नाही.

सुचवावे लागते ते नान्नजबद्दल, आणि सूचना अशी की घाई नको. गावापासून वीसएक किलोमीटरवर माळढोक अभयारण्य आहे, 1979 साली घोषित झालेले. मुलांना माळढोक दाखवायला म्हणून लोक निघतात. तो आता दिसणे दुर्मीळ झाले आहे, आणि साडेतीन वर्षांचे मूल तासभर गप्प बसू शकत नाही. काळविटांचे कळप मात्र दिसतात, मार्चमधल्या सोनेरी, वाळल्या गवतात नराचा काळा-पांढरा रंग लांबूनही उठून दिसतो. तेवढे पुरे. या अभयारण्याचे क्षेत्र सुरुवातीला सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होते, 2012 मध्ये ते सुमारे 1,222वर आणले गेले. गावे, शेते, रस्ते त्यात अडकले होते हे खरेच आहे आणि त्या लोकांची अडचणही खरी होती. पण माळ म्हणजे पडीक, तिथे काहीच नसते, ही आपली नजर त्याहून जुनी आहे. माळढोकाची मादी एका विणीत एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. ज्या जमिनीला आपण रिकामी म्हणतो, तिच्यावर एका पक्ष्याचा सगळा भरवसा असतो. सोलापुरात वसंत नाही म्हणणारी नजर आणि माळावर काही नाही म्हणणारी नजर एकच आहे. लेकीला मी ती देऊ इच्छित नाही. ती सहा-सात वर्षांची झाली की नान्नजला पहाटे नेईन आणि दर ऋतूत नेईन.

या गावाची वेगळी नजर कशी घडू शकते, याचा दाखला आपल्यापाशी आहे. मारुती चितमपल्ली 1932 साली सोलापुरातच जन्मले. वनाधिकारी झाले, अवघे आयुष्य जंगलात काढले, पक्ष्यांवर आणि झाडांवर मराठीला पुरून उरेल एवढे लिहिले. 2006 साली साहित्य संमेलन सोलापुरात भरले तेव्हा अध्यक्ष तेच होते, आणि 2025च्या जूनमध्ये इथेच त्यांनी डोळे मिटले. 'चकवाचांदण' या आत्मचरित्रात त्यांनी रानाची पहिली ओळख आई आणि मामा यांच्याकडून झाल्याचे सांगितले आहे. मोठे अरण्य त्यांना नंतर मिळाले. आधी मिळाली ती झाडापाखरांची नावे माहीत असलेली घरची माणसे. आज किती आईबापांना गल्लीतल्या पाच झाडांची नावे सांगता येतील? येत नसतील तर मुलाबरोबर शिकावीत, त्यासाठी वय झालेले नसते.

पण हे सगळे बोलताना एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. सकाळचे हे दोन-अडीच तास सगळ्या आयांच्या हाती नाहीत. या शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. पानांचा आणि तंबाखूचा हिशोब संध्याकाळपर्यंत पुरा करायचा असतो, आणि मूल मांडीशी बसून ते बघत असते. अशा आईला कोणी 'मुलाला तलावावर ने' म्हणणे शोभत नाही. तिच्यासाठी सावली तिच्या दारात यायला हवी. कुंभारीच्या रे नगरमध्ये विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांची वसाहत उभी राहते आहे. त्यातली पहिली 15,000 घरे 2024च्या जानेवारीत दिली गेली. घर मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. घर दोन-तीन वर्षांत बांधून होते, कडुनिंबाच्या सावलीला मात्र दहा वर्षे लागतात. आज तिथे तीन वर्षांचे असलेले मूल आठवीत जाईल तेव्हा कुठे झाड अंगावर सावली धरू लागेल. म्हणून वसाहतीच्या नकाशात गटार आणि वीज येते त्याच ओळीत झाड यायला हवे, आणि जुन्या गावातला रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड कडुनिंबावर पडू नये. एक झाड तोडले तर दुसरीकडे पाच लावू, असे सांगितले जाते. पण त्या गल्लीत त्या वर्षी वाढणाऱ्या मुलांना ती पाच झाडे मिळत नाहीत.

मोठ्या मुलांचीही एक अडचण आहे. उन्हामुळे आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या होतात. कारण रास्त आहे, पण दिवसातले तेवढेच चांगले तास वर्गात जातात आणि मुलाच्या वाट्याला दुपार उरते. सकाळच्या शाळेचा पहिला तास झाडाखाली भरवायला कुठल्या शिक्षकाला कोणाची परवानगी लागू नये. तोवर शाळेआधीची दोन-तीन वर्षे, एवढाच काय तो मुलाच्या पुरत्या मालकीचा वसंत. लेकीचे नाव पुढच्या वर्षी शाळेत घालायचे आहे. गुरुवारी पाणी येणार आहे, म्हणून बुधवारी आम्ही कंबर तलावावर जाऊ. तिला बदके सगळी गेली की एखादे राहिले, हे बघायचे आहे.