सहा हात चिंध्यांचे



मी शिलाईकाम करते. लिहिणारी बाई नव्हे. पण नवरात्रात माझ्या हातून एक पोशाख शिवला गेला आणि तेव्हापासून मशीनवर बसलं की एक सवाल टोचतो. दुसऱ्याच्या देवीचा वेश चढवून आपल्या पोरीला धीट होता येतं का? आणि येत असेल, तर तो धीटपणा शेवटी कुणाच्या कामी पडतो?

झालं असं. भावाची पोर नववीत. अंगानं उंच, आवाज खणखणीत. शाळेच्या कार्यक्रमात तिला महिषासुरमर्दिनी केलं. आजवर तिच्या वाट्याला आलेलं काम म्हणजे कधी झाड व्हायचं, कधी पाटी धरून कडेला उभं राहायचं. त्या दिवशी घरी आली ती उड्या मारत. "आत्या, मला देवीचा पोशाख शिव."

संध्याकाळी मंडळाची पोरं दारात हजर. "आक्का, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. गौरी-गणपती सोडले आणि आता घरात दुर्गा?" त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. तिसरी प्रतिज्ञाच ती. मी कात्री खाली ठेवली. तेवढ्यात पोर बाहेर आली. म्हणाली, "दादा, स्टँडवर पोरं आडवी येतात तवा तुम्ही कुठं असता? देवी कुणाला भीत नाही. मला एक दिवस तसं व्हायचंय." पोरं गप्प झाली. मीही गप्प झाले. आणि पोशाख शिवायला घेतला.

तो कसा शिवला ते सांगते. लाल साडीचा काष्टा. जुन्या शालूचे काठ उसवून कंबरपट्टा. पुठ्ठ्याचा मुकुट, वर सोनेरी कागद. हात आठ पाहिजेत. दोन पोरीचे. बाकी सहा करायचे कसे? अस्तराच्या कापडाच्या लांबट पिशव्या शिवल्या, आत तार घातली आणि मशीनखाली पडलेल्या चिंध्या कोंबल्या. पाठीला पट्ट्यानं बांधल्या. लांबून झोकात दिसायच्या. पण त्या हातांना काही धरता येईना. शस्त्रं दोऱ्यानं बांधावी लागली.

शिवता शिवता मनात आलं, जिचे कपडे शिवायचे तिचा ठावठिकाणा तरी कळावा. मार्कंडेय पुराणातलं देवीमाहात्म्य मिळवून वाचलं. तिथं काय दिसलं? या देवीचा पोशाखसुद्धा गोळा केलेलाच! त्रिशूळ शंकरानं दिला, चक्र विष्णूनं. पाश वरुणाचा, धनुष्यबाण वायूचे, वज्र आणि घंटा इंद्राची. परशू आणि चिलखत विश्वकर्म्यानं दिलं, वस्त्रं आणि दागिने क्षीरसागरानं, सिंह हिमालयानं. इतकंच काय, तिचं तोंड, केस, हात हे सगळं एकेका देवाच्या तेजातून झालेलं. तिचं स्वतःचं असं एक सुईसुद्धा नाही. आणि एवढं सगळं देवांनी दिलं का? तर असुरांपुढं त्यांचं काही चालेना म्हणून.

बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये या लढणाऱ्या देवींवर एक अख्खं कोडं घातलंय. वेदातल्या देवी लढत नाहीत, पुराणातल्या लढतात. मग देव जागेवर असताना लढायला बायका का पाठवल्या, असा त्यांचा रोखठोक सवाल. हे पुस्तक महाराष्ट्र सरकारनं १९८७ साली छापलं तेव्हा केवढं वादळ उठलं आणि आपल्या माणसांना रस्त्यावर उतरावं लागलं, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. कोड्यांचं उत्तर द्यायचं सोडून लोक कोडं घालणाऱ्यावर चिडले.

मला शिवणारणीला यातून एक गोष्ट कळली. उसन्या शस्त्राबरोबर देणाऱ्याचा दुष्मनही येतो. शस्त्र घेतलं की कुणाला मारायचं ते आधीच ठरलेलं असतं. ते तुम्हाला निवडता येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हे डोळ्यांनी पाहिलं. महिषासुर कोण? आमच्याच गल्लीतला पोरगा. रंगानं काळा, अंगानं दांडगा. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. निवडताना कुणाला विचारच करावा लागला नाही, हेच तर दुखणं. त्याच्या डोक्याला शिंगं, तोंडाला काजळी. पोरीनं त्याच्या छातीवर पाय दिला, पुठ्ठ्याचा त्रिशूळ रोवला. टाळ्यांचा कडकडाट. दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव पडलं 'रेड्या'. चार दिवस तो शाळेत फिरकला नाही. पोर त्याच्या घरी गेली. तो बाहेर आला नाही. परत येऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आत्या, मी आले तवा टाळ्या नव्हत्या गं. तो पडल्यावर पडल्या."

त्या पोशाखाचा टाका न टाका माझा. तेव्हा दोष शाळेवर ढकलून मला मोकळं होता येत नाही.

आणि हे काही आजचं नाही. कित्येक गावांत दसऱ्याला देवीपुढं रेडा पडायचा. नाव देवीचं, मान पाटलाचा, पण रेडा ओढायला, कापायला हात महाराचा. रक्तात पाय आमचे आणि पुण्य गावाचं. शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा मात्र आमचाच शेजारी. त्याला लोक महिषासुरच मानतात. झारखंड-बंगालकडचे असुर आदिवासी महिषासुराला आपला पूर्वज मानतात आणि नवरात्रात दुखवटा पाळतात. एका बाजूला सण, दुसऱ्या बाजूला सुतक.

मग मंडळातला एक जण म्हणाला, "आक्का, उलटं करू. पुढच्या वेळी शूर्पणखा, त्राटिका, हिडिंबा यांचे पोशाख शिवा. त्या आपल्या." उलटं करायची रीत मोठी आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीराजाला पाताळातून वर काढला आणि शेतकऱ्याला आपला राजा दिसला. ते काम झालंच पाहिजे होतं. पण माझ्या मनात येतं, शूर्पणखेचं नाक कापणारेही तेच आणि तिची गोष्ट सांगणारेही तेच. तिचा वेश तरी आपला कशावरून? कापड त्यांचंच राहतं, आपण फक्त उलटी बाजू वर घेतो.

देवीचा वेश आमच्या घराला नवा नाही. माझा आजा पोतराज होता. पुरुषमाणूस, पण मरीआईच्या नावानं केस वाढवलेले. कपाळभर हळदकुंकू, पायात घुंगरं, कमरेला घरोघरच्या खणांचे तुकडे जोडून केलेलं आभरान. हातात आसूड. लोक कडकलक्ष्मी आली म्हणायचे. देवी ती कडक! पण आसूड कुणावर पडायचा? आज्याच्याच पाठीवर. धर्मांतरानंतर आज्यानं केस उतरवले. आभरान जाळायला निघाला तेव्हा आजी म्हणाली, "खणानं काय पाप केलं?" तिनं ते उसवलं आणि वाकळीला लावलं. त्या वाकळीत मी वाढले. आज्यानं वेश टाकला आणि पहिल्यांदा त्याची पाठ कोरडी राहिली. मला विचाराल तर तो आमच्या घरातला पहिला लढवय्या.

आपल्या चळवळीत वेश ही कधीच लहान गोष्ट नव्हती. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी इंदूर भागातल्या बलाई लोकांची हकीगत दिलीय. सवर्णांनी त्यांना हुकूम सोडले: जरीकाठी फेटा बांधायचा नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोनंचांदी आणि ठेवणीतले घागरे-चोळ्या घालायच्या नाहीत. बलाई नाही म्हणाले, तर पाणी तोडलं, गुरांची चराई बंद केली. देवीला वस्त्र समुद्र देतो. आमच्या बाईनं काठाचं लुगडं नेसलं तर गावाची विहीर बंद!

१९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेच्या शेवटी बाबासाहेब बायकांशी बोलले. कशावर बोलले? नेसण्यावर. कथला-चांदीचे ढीगभर दागिने, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, ह्या अस्पृश्यपणाच्या खुणा टाका म्हणाले. बायकांनी नेसणं बदललं, लुगडं घोट्यापर्यंत आणलं. मुकुट नाही, सिंह नाही, कुणाच्या छातीवर पाय नाही. पण गावात परत जाऊन तसं नेसून चालायचं म्हणजे काय, ते चालणारीलाच ठाऊक. ते धैर्य कुणी दिलेलं नव्हतं, म्हणून कुणाला परत मागता आलं नाही.

आता तुम्हाला, मंडळाच्या पोरांना सांगते. रागावू नका.

पोरीची हौस खोटी नव्हती. तिला देवी नको होती, भीती नको होती. तुम्ही 'हे नको' म्हणालात. बरोबर म्हणालात. पण त्या जागी तिच्या हातात काय दिलंत? आपल्या जयंतीला पोरींना काय काम? रांगोळी, स्वागतगीत, फुलांचं ताट. भाषण कोण करतं? वर्गणीचा हिशेब कोण ठेवतं? मिरवणुकीत पुढं कोण? त्या शाळेनं निदान तिला मधोमध उभं केलं. चुकीच्या कामाला केलं, पण केलं. आपण कधी केलं? नुसती बंदी घालणारा आणि नुसता वेश चढवणारा, दोघंही पोरीला विचारत नाहीत की बाई, तुझे दोन हात काय करू शकतात?

त्या सहा हातांतल्या चिंध्या मी काढल्या. पोर समोर बसली होती. म्हणाली, "चौदा एप्रिलला मी बोलणार. तोही बोलेल का, विचारते." अजून तो हो म्हणालेला नाही. ती विचारतेय.

पोरींना मापं द्यायला माझ्याकडं पाठवा. सभेला, मोर्चाला, कॉलेजला, ज्याला पाहिजे त्याला शिवीन. रात्र जागून शिवीन. पण बाह्या दोनच शिवीन.

जयभीम.